सिमेंटच्या यॉटची किंमत कमी का?

सिमेंटचा गोळा पाण्यात टाकला तर बुडतो. मग सिमेंटची नौका तरंगते कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर आर्किमिडीजने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. लोखंडाचे जहाज ज्या कारणाने तरंगते, त्याच कारणाने सिमेंटचेही तरंगते. खरे कोडे आहे ते किमतीचे. ब्रिटन, न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियातील जुन्या नौकांच्या बाजारात चाळीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची, महासागर ओलांडण्याच्या तयारीने बांधलेली यॉट तेवढ्याच लांबीच्या फायबरग्लासच्या यॉटपेक्षा कितीतरी कमी किमतीत विकाऊ दिसते. जाहिरात नीट वाचली की एक शब्द आढळतो : फेरोसिमेंट. अनुभवी दर्यावर्दी तेथेच थबकतो, तर नवखा खिशात हात घालतो. दोघांचीही वागणूक पूर्णपणे चुकीची नाही.

फेरोसिमेंट म्हणजे आपल्या इमारतींतील आरसीसी नव्हे. यात खडी नसतेच. बारीक सळ्यांच्या सांगाड्यावर तारेच्या जाळीचे अनेक थर घट्ट बांधायचे आणि त्यांत सिमेंट व बारीक वाळूचा, गवंडी ज्याला ‘माल’ म्हणतात तो, दाबून भरायचा, अशी ही रीत आहे. लोखंड सर्वत्र इतके विखुरलेले असते की, तडा जाऊ लागला तरी तो तारांत अडकतो, सहजी रुंदावत नाही. त्यामुळे चाळीस फुटी यॉटचे कवच जेमतेम २० ते २५ मिलिमीटर जाडीचे असले तरी चालते. महाराष्ट्रात हे तंत्र मुख्यतः पाण्याच्या टाक्यांमुळे परिचित आहे. पुण्यात तर या विषयाला वाहिलेली फेरोसिमेंट सोसायटीही आहे. मात्र या तंत्राचा जन्म टाकीत नव्हे, नौकेत झाला. दक्षिण फ्रान्समधील जोसेफ-लुई लांबो या गृहस्थाने १८४८ मध्ये तारेची जाळी आणि सिमेंट वापरून छोटी वल्ह्यांची होडी तयार केली. १८५५ मध्ये त्याने या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या पॅरिस प्रदर्शनात होडी मांडली. त्याची एक होडी फ्रान्समधील ब्रिन्योल येथील संग्रहालयात आजही पाहता येते.

पुढे जवळजवळ शतकभर या कल्पनेकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीचे विख्यात अभियंते पिएर लुईजी नेर्वी यांनी तिला पुन्हा हात घातला आणि युद्ध संपल्यानंतर ‘इरेने’ नावाची मोठी नौका सिमेंटमध्ये बांधली. रोममधील ‘पालाझेत्तो देल्लो स्पोर्त’ या क्रीडागृहाचे घुमटाकार छत ज्यांच्या कल्पनेतून उतरले, तेच हे नेर्वी. परंतु सर्वसामान्य माणसाला या नौकांचे वेड लागले ते १९६० आणि १९७०च्या दशकांत. न्यूझीलंडचे नौका-रचनाकार रिचर्ड हार्टले यांच्यासह अनेकांनी घरी बांधता येतील अशा फेरोसिमेंट यॉटचे आराखडे विकायला काढले. सिमेंट, वाळू आणि जाळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती, सुतारकामाचे कसब लागत नव्हते. शिक्षक, कारकून, नोकरीला कंटाळलेले अभियंते यांनी घराच्या मागच्या अंगणात आपापली जहाजे उभारायला घेतली.

हे सारे केवळ स्वप्नरंजन नव्हते. अमेरिकेच्या बॉब ग्रिफिथ यांनी कुटुंबासह ‘अवानी’ या फेरोसिमेंटच्या यॉटमधून १९७०-७१ मध्ये अंटार्क्टिकाला प्रदक्षिणा घातली. हिमनगांच्या सान्निध्यात केलेल्या त्या सफरीनंतर ‘सिमेंट समुद्रात टिकत नाही’ हा आक्षेप कायमचा निकालात निघावयास हवा होता. सिमेंटच्या नौका मंदच असतात, या समजालाही १९७३ मध्ये धक्का बसला. सिडनी ते होबार्ट या ६२८ सागरी मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत ‘हेल्साल’ ही सिमेंटची यॉट सर्वांत आधी पोहोचली आणि तिने शर्यतीचा तोवरचा विक्रमही मोडला. ऑस्ट्रेलियनांनी तिला ‘उडता फुटपाथ’ असे नाव ठेवले होते. थट्टा होती, पण तीत कौतुकही होतेच.

चांगल्या फेरोसिमेंट यॉटचे गुण खरोखर मोलाचे आहेत. ती कुजत नाही. लाकूड पोखरणारे समुद्री किडे तिला तोंड लावू शकत नाहीत. तिला आग लागत नाही. फायबरग्लासच्या कवचाला पाणी मुरून जसे फोड येतात, तसे हिला येत नाहीत. जड असल्यामुळे ती लाटांवर सारखी आपटत नाही, आत आवाज कमी येतो आणि उन्हातही लोखंडी नौकेसारखी ती तापत नाही. सिमेंटची ताकद वर्षानुवर्षे हळूहळू वाढतच जाते, हा तर दुसऱ्या कोणत्याही नौकेत नसलेला गुण. वजनाचा तोटा मात्र लहान नौकांना नडतो. सुमारे पस्तीस फुटांच्या आतली सिमेंटची यॉट बहुधा सुस्तच चालते.

असे असूनही ती स्वस्त का, याचे उत्तर गिलाव्याच्या दिवसात सापडते. नौका बांधणारा माणूस दोन-दोन, तीन-तीन वर्षे सळ्या वाकवण्यात आणि जाळी तारेने आवळण्यात घालवीत असे. मग तो दिवस उजाडे. स्लॅब जसा एका दमात टाकावा लागतो, तसाच संपूर्ण कवचाचा गिलावाही एका दिवसात उरकावा लागतो, कारण आदल्या दिवशीचा माल आणि दुसऱ्या दिवशीचा माल यांच्यामधला सांधा कायमचा दुबळा राहतो. मित्र, शेजारी, नातेवाईक आणि जमल्यास चार-दोन पगारी गवंडी पहाटेपासून कामाला लागत. माल एका बाजूने असा रेटायचा की तो जाळीच्या सगळ्या थरांतून पार होऊन दुसऱ्या बाजूला दिसला पाहिजे. तो फार सैल असून चालत नाही. पाणी जास्त झाले की सिमेंट सच्छिद्र होते. तो घट्ट असला तर सळ्यांच्या मागे, जाळीच्या गुंत्यात हवेचे पोकळ कप्पे राहतात. दुपार झाली, हात दुखू लागले, माल सुकू लागला की कोणीतरी बादलीत थोडे पाणी ओततेच. संध्याकाळी पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला, की आत काय राहिले हे कोणालाच, खुद्द मालकालाही, कळण्याचा मार्ग उरत नाही. त्यानंतर सुमारे चार आठवडे सतत पाणी मारून कवच ओले ठेवायचे असते. तेथेही किती जणांचा धीर टिकला असेल, हा प्रश्नच आहे.

राहून गेलेल्या त्या पोकळीचा हिशेब समुद्र चुकता करतो. ताज्या, घट्ट सिमेंटमध्ये लोखंड गंजत नाही, कारण सिमेंटची तीव्र अल्कता त्याच्यावर एक अदृश्य संरक्षक थर राखते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड आत झिरपले की हा थर तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन सिमेंटचे पापुद्रे उडतात. मुंबईत समुद्राजवळच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बाल्कनीच्या छताचा गिलावा गळून उघड्या पडलेल्या लालसर सळ्या त्यांनी पाहिलेल्या असतात. फरक एवढाच की, इमारतीत सळीवर काही सेंटिमीटर काँक्रीट असते, तर यॉटच्या जाळीवर अवघे दोन-तीन मिलिमीटर. पितळी नळजोडण्यांचा स्पर्श आतल्या लोखंडाला झाला, तर विद्युत-रासायनिक क्रियेने गंजाला आणखीच वेग येतो.

आघाताच्या बाबतीतही या नौकेचा स्वभाव वेगळा आहे. वाळूवर चढली तर ती सहसा सहीसलामत सुटते. टोकदार खडकावर मात्र लाटांनी पुनःपुन्हा आपटत राहिली, तर त्या जागेचा सिमेंटचा चुरा होतो आणि उरलेली जाळी चाळणीसारखी पाणी आत सोडते. छिद्र एकदम मोठे पडत नाही, हीच काय ती जमेची बाजू. पंप चालवून किनारा गाठायला वेळ मिळू शकतो आणि पुढची डागडुजी स्वस्त व सोपी असते. फुटलेला भाग खरवडायचा, जाळी नीट करायची, नवा माल किंवा इपॉक्सी भरायचे.

फायबरग्लासमधील ओल मापकाने तपासता येते, पोलादी पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजता येते. जाळीच्या थरांनी भरलेल्या सिमेंटमध्ये ही साधने फारशी कामाची नाहीत. तपासनिसाच्या हाती उरते ती छोटी हातोडी. फरशी पोकळ वाजते का हे पाहावे, तसे तो कवच ठोकत जातो, गंजाचे ओघळ आणि केसाएवढे तडे शोधतो. तरीही त्याच्या अहवालात जबाबदारी झटकणारी दोन-चार वाक्ये असतातच. त्याला दोष देता येत नाही. विमा कंपन्या हे जाणून असतात. अनेक कंपन्या फेरोसिमेंट यॉटचा पूर्ण विमा उतरवीत नाहीत. दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा देतात. तेवढाही नसेल तर बऱ्याच मरिनांमध्ये नौका बांधायला जागा मिळणे कठीण होते. शिवाय अशा नौकेवर कर्ज मिळणे दुरापास्त असल्याने रोख पैसे मोजणारे गिऱ्हाईकच तेवढे उरते, आणि भाव आणखी उतरतो. यात उत्तम बांधलेल्या, व्यावसायिक कारागिरांच्या नौकाही भरडल्या जातात, हा खरा अन्याय आहे.

सर्वांत मोठी फसगत झाली ती मूळ बांधणाऱ्यांची. यॉटच्या एकूण खर्चात कवचाचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश असतो. इंजिन, डोलकाठ्या, शिडे, दोरखंड, आतले लाकूडकाम यांना सिमेंटच्या स्वस्ताईचा काहीच उपयोग नसतो. कवच पुरे झाले, पैसे संपले आणि नौका अंगणातच राहिली, अशा कहाण्या त्या पिढीत कमी नाहीत.

आज अशी यॉट घेऊ पाहणाऱ्याने बांधकामाच्या वेळची छायाचित्रे आणि नोंदी आधी मागाव्यात. जाळीचे थर किती होते, गिलावा कोणी केला, किती दिवस पाणी मारले, हे ज्या मालकाने लिहून ठेवले आहे त्याच्या नौकेला चार पैसे जास्त मोजणे परवडते. जाणते ग्राहक मोल ठरवतात ते इंजिनाचे, डोलकाठ्यांचे आणि शिडांचे; कवच जवळपास फुकट धरतात. पैसे देण्यापूर्वी विमा कंपनीचे आणि मरिनाचे लेखी उत्तरही हाती घ्यावे लागते. कारण लोखंडाची नौका भंगारात जाते, त्याचे पैसे मिळतात. सिमेंटची मोडीत काढायची झाली, तर ती फोडून राडारोडा उचलून नेण्याचा खर्च शेवटच्या मालकाच्या माथी येतो.