घाटातला काळा धूर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कसारा, खंबाटकी किंवा आंबा घाटात पुढे भरलेला ट्रक लागला की मागच्या गाड्यांच्या काचा पटापट वर जातात. ‘चढ आहे, धूर निघणारच’ म्हणून आपण विषय सोडून देतो. चढणीवर डिझेल इंजिनावर भार येतो हे खरं, पण त्या भाराबरोबर धूर यायलाच हवा असं नाही.

गैरसमज : चढ म्हटला की काळा धूर आलाच.

वस्तुस्थिती : काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. शिवाय डिझेल ऐन वेळी सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हवेत मिसळायला त्याला क्षणाचाही अवधी मिळत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात हवा हिशेबापेक्षा बरीच जास्त लागते. पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवा आणि इंधन दोन्ही वाढतात. डिझेल गाडीत मुळात वाढतं ते डिझेल. हवा त्या मानाने मिळाली नाही, की काजळी ठरलेली.

हवा कमी पडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात : धुळीने चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोच्या पाइपला गेलेली चीर. कधी हवा पुरेशी असते, पण खराब नोजल बारीक फवारा मारण्याऐवजी डिझेल गाळत राहतं. टर्बो असलेल्या जुन्या गाडीत पाय दाबताच एक भपकारा येतो, कारण टर्बोला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. तो लगेच विरला पाहिजे. अख्खी चढण काळा पट्टा निघत असेल, तर गाडीत दोष आहे, तिच्यात जास्त माल भरलाय किंवा ती चुकीच्या गिअरमध्ये आहे.

गैरसमज : घाटात हवा विरळ असते, म्हणून धूर होतो.

वस्तुस्थिती : लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा जेमतेम ६ टक्के विरळ. महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटरवर, हा फरक १२-१३ टक्क्यांपर्यंत जातो. सह्याद्रीतल्या धुराचं खापर एवढ्याशा विरळपणावर फोडता येत नाही. लडाखची गोष्ट वेगळी. खारदुंग ला ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब निम्म्यावर येतो. टर्बो नसलेलं जुनं इंजिन तिथे खरोखर गुदमरतं. नव्या गाड्यांमधला सेन्सर दाब मोजून डिझेल कमी करतो. ताकद घटते, पण धूर आटोक्यात राहतो.

गैरसमज : धूर जास्त, म्हणजे पिकअप जास्त.

वस्तुस्थिती : या समजुतीपायी जुन्या गाड्यांचा पंप ‘वाढवून’ घेतला जातो. जादा डिझेलने थोडा जोर येतो, पण उपलब्ध हवा संपली की पुढचं डिझेल सायलेन्सरमधून काजळी होऊन बाहेर पडतं. पैसे मोजून घेतलेलं इंधन वाया जातंच, वर इंजिनातली उष्णता वाढून पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बोचं आयुष्य कमी होतं.

गैरसमज : वरच्या गिअरमध्ये दाबून चढवलं की डिझेल वाचतं.

वस्तुस्थिती : आरपीएम पडला की टर्बो मंदावतो, हवा घटते आणि पाय मात्र तळापर्यंत दाबलेला असतो. धुराला याहून चांगली सोय नाही. इंजिन घरघरण्याआधीच खालचा गिअर टाकावा.

गैरसमज : धूर कुठल्याही रंगाचा असो, दुखणं एकच.

वस्तुस्थिती : निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय; पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील तपासावं. पांढरा धूर थंडीत गाडी सुरू करताना थोडा वेळ दिसणं समजण्यासारखं आहे. तापलेल्या गाडीतून तो सतत येत असेल आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि घाट चढण्याआधीच गाडी थांबवावी.

गैरसमज : पीयूसी आहे, म्हणजे गाडी धूर सोडणार नाही.

वस्तुस्थिती : डिझेल गाडीची ही चाचणी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून घेतात. मालाचा भार नाही, चढ नाही. तिथे पास झालेली गाडी घाटात काळवंडू शकते.

गैरसमज : बीएस-६ गाडीतून धूर दिसत नाही, म्हणजे काहीच बाहेर पडत नाही.

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक देशभर लागू झालं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आली आणि काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. ट्रकमध्ये भरलं जाणारं ‘युरिया’चं द्रावण मात्र काजळीसाठी नसतं, ते डोळ्यांना न दिसणारे नायट्रोजन ऑक्साइड कमी करतं. घाट डीपीएफचा शत्रू नाही. उलट लांब चढणीवर एक्झॉस्ट तापतो आणि साठलेली काजळी जळायला मदतच होते. फिल्टर चोंदतो तो शहरातल्या रखडत्या फेऱ्यांनी. तरीही प्रत्येक लिटर डिझेलमागे अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच.

हा प्रश्न नुसत्या काळ्या पडणाऱ्या काचांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. मागच्या गाडीतल्यांनी काचा बंद करून एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवावी आणि अंतर राखावं. पण खरा उपाय पुढच्या गाडीवाल्याच्या हातात आहे. मालकांनो, पुढच्या खेपेला घाट चढण्याआधी एअर फिल्टर उघडून बघा, नोजल तपासून घ्या आणि पासिंगपेक्षा जास्त माल भरू नका.