मुक्कामाच्या ट्रकमधील बाटली

मालमोटारीच्या चालकाने गाडी चालवीत असताना मद्यप्राशन करू नये याविषयी दुमत नाही, आणि त्यावर लेखणी झिजविण्याचे कारणही नाही. परंतु गाडी उभी आहे, माल उतरावयास अवकाश आहे आणि दिवसभर तीनशे-चारशे किलोमीटरांचा रस्ता काटून आलेला मनुष्य आपल्या केबिनमध्ये पाय पसरून बसला आहे, अशा वेळी त्याने स्वतःच्या पैशाची एक क्वार्टर उघडली तर त्यात कोणाचे काय बिघडले, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. कचेरीतला कारकून संध्याकाळी घरी जातो आणि चार भिंतींआड तो काय पितो याची चौकशी त्याचा वरिष्ठ करीत नाही. ट्रक-ड्रायव्हरचे घर महिन्यातील बहुतेक दिवस त्याची केबिनच असते, तेव्हा तेवढी मुभा त्याला का नसावी, हा युक्तिवाद मी अनेक ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकला आहे आणि ऐकताना तो मला कधी खोटा वाटला नाही. तरीही केबिनमध्ये बाटली असू नये असे माझे मत झाले, आणि ते झाले कळंबोलीच्या लोखंड-बाजाराबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या संगतीत काही रात्री काढल्यानंतर.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेथून सुरू होतो, शीव-पनवेल रस्ता जेथे येऊन मिळतो आणि न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची वर्दळ जेथून फार दूर नाही, अशा या ठिकाणी देशाच्या चारी दिशांकडून आलेल्या गाड्या कोणी खाली होण्यासाठी, कोणी नव्या भाड्यासाठी तिष्ठत असतात. दिवसा येथे दलाल, मुकादम, हमाल, पंक्चरवाले आणि चहावाले यांची झुंबड असते; रात्री नऊनंतर ती ओसरते, स्टोव्ह पेटतात, दोन गाड्यांच्या मधल्या बोळात कांदा चिरला जातो, आणि ज्या गावचा ड्रायव्हर त्या गावची भाषा त्या बोळात ऐकू येऊ लागते. बाटल्या निघतात त्या याच सुमारास. त्या कोठून निघतात हेही पाहण्याजोगे असते: कोणाची बर्थच्या फळीखाली जॅक आणि पान्यांच्या शेजारी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कोणाची आधीच पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत ओतून ठेवलेली, आणि एका जुन्या गाडीत तर थेट ड्रायव्हरच्या सीटखाली, जेथून रिकामी झाल्यावर ती उतारावर गडगडत ब्रेकच्या पायपट्टीखाली येऊन अडकू शकते. त्या गाडीच्या किन्नराला, म्हणजे क्लीनरला, मी हे दाखविले, तेव्हा त्याने ती निमूटपणे उचलली आणि खिडकीतून बाहेर फेकली. म्हणजे धोका एका गाडीतून निघून दुसऱ्या गाडीच्या टायरखाली गेला, इतकेच.

पिणारे सगळेच नसतात, हे आधी सांगितले पाहिजे, कारण ड्रायव्हर म्हटला की तो दारुडाच असा जो ग्रह आपल्याकडे रूढ आहे तो अन्यायाचा आहे. माळकरी ड्रायव्हर मी पाहिले आहेत आणि गाडीत दारू आणली म्हणून किन्नराला भर रस्त्यात उतरवून देणारे उस्तादही पाहिले आहेत. जे पितात तेही बहुधा गुपचूप, जेवणाआधी, थकव्याचा उतारा म्हणून पितात, आणि जेवून झोपी जातात. येथपर्यंत कोणाचेही वाकडे होत नाही. खरा प्रसंग उद्भवतो तो त्यानंतर दोन-तीन तासांनी.

रात्री एक-दीड वाजता फाटकावरचा माणूस बॅटरी घेऊन रांगेतून फिरतो. त्याला ड्रायव्हरांची नावे ठाऊक नसतात. नंबरपट्टीवरून तो माणसांना राज्याच्या नावाने हाका मारतो. “ए राजस्थान, गाडी पुढे घे रे! ए कर्नाटक, झोपला काय?” आत एक गाडी खाली होऊन बाहेर पडलेली असते आणि तिच्या जागी मागच्या प्रत्येकाने तीस-चाळीस हात पुढे सरकावयाचे असते, जो सरकणार नाही त्याचा नंबर जातो, आणि नंबर गेला म्हणजे आणखी एक दिवस गेला. मग केबिनमध्ये हालचाल होते, किन्नर डोळे चोळीत खाली उतरतो, इंजिन धडधडू लागते. गाडी जुनी असेल आणि नळ्यांतून हवा गळत असेल तर रातोरात ब्रेकच्या टाकीतला दाब उतरलेला असतो, आणि तो पुरेसा वर चढल्याखेरीज जखडलेली चाके मोकळी होत नाहीत; सबब ड्रायव्हर हवा भरण्याची वाट पाहत, काट्याकडे डोळे लावून बसतो, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवून त्याला शिव्या देत असतात. हे काही क्षण मी अगदी जवळून, पायरीवर उभा राहून पाहिले आहेत. झोप अर्धी उतरलेली, दारू अर्धी उतरलेली, एक हात सुकाणूवर आणि दुसरा गियरच्या दांड्यावर, अशा स्थितीत तो मनुष्य काटा वर येताच ब्रेक सोडतो, फुस्स असा आवाज होतो, आणि अठ्ठावीस टनांच्या घरातले ते धूड हलू लागते.

ते हलते तेव्हा खाली कोण असते? उन्हाळ्यात केबिनमध्ये इंजिनाची धग रात्रभर जिरत नाही, म्हणून पुष्कळ किन्नर, हमाल आणि क्वचित शेजारच्या गाडीचा ड्रायव्हरही चादर टाकून गाडीच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मध्ये, निजलेले असतात; तेथे वारा लागतो आणि अंगावर दव पडत नाही. शुद्धीवर असलेला उस्ताद इंजिन चालू करण्यापूर्वी खाली वाकून पाहतो, किन्नराला गाडीभोवती फिरवून आणतो, मग हात लावतो. ही या धंद्यातली जुनी आणि कोणी न लिहिलेली शिस्त आहे. पेला घेतलेला मनुष्य जी पहिली गोष्ट विसरतो ती हीच.

“दोन पेग तर घेतले होते, आणि तेही दहा वाजता,” असे एकाने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. बाजारात मिळणाऱ्या व्हिस्की-रमच्या क्वार्टरमध्ये 180 मिलिलिटर द्रव असतो आणि त्यात शेकडा 42.8 या प्रमाणात मद्यार्क असतो, म्हणजे वजनाने जवळजवळ 60 ग्रॅम. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाने ती संपविली तर त्याच्या 100 मिलिलिटर रक्तात मद्यार्काचे प्रमाण सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास जाते. शरीर ते तासाला 15 मिलिग्रॅमच्या सुमाराने कमी करते, आणि त्याला घाई करता येत नाही, ना लिंबाच्या पाण्याने, ना काळ्या चहाने, ना डोक्यावर ओतलेल्या बादलीने. माणसागणिक आणि जेवणागणिक यात फरक पडतो, तथापि स्थूलमानाने हिशेब असा, की रात्री दहा वाजता क्वार्टर संपविणारा मनुष्य कायद्याने ठरविलेल्या 30 मिलिग्रॅमच्या आत पहाटे पाच-सहापूर्वी येत नाही. फाटकावरची बॅटरी एक-दीडला येते. पहाटे पाचला गाडी खाली झाली आणि तशीच पुण्याकडे निघाली, तर घाटाच्या चढणीला लागेपर्यंतही त्याच्या रक्तात पुष्कळ काही शिल्लक असू शकते, आणि त्याला मात्र आपण झोपून उठलो, ताजे झालो, असे मनापासून वाटत असते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियमाचे कलम 185 गाडी चालविणाऱ्याला किंवा चालविण्याचा प्रयत्न करणाऱ्याला लागू होते. उभ्या गाडीत निजलेल्याला ते लागू नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तजवीज आहे. म्हणजे किल्ली फिरविण्यापूर्वी जो निर्दोष इसम असतो तो किल्ली फिरविताच गुन्हेगार होतो, आणि रांगेत चाळीस हात सरकणे हेही गाडी चालविणेच आहे, हे रांगेतल्या कोणाच्याही ध्यानीमनी नसते.

बाटली नुसती बाळगण्याची कथा निराळी आहे. ट्रक एका जागी राहत नाही, आणि दारूचा कायदा मात्र जागोजागी बदलतो. आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिण्यासाठी परवाना लागतो, हे कोणी पाळत नसले तरी खरे आहे. नागपूरहून हैदराबादला निघालेली गाडी जांब आणि हिंगणघाट या वाटेने वर्धा जिल्ह्यातून जाते. गांधीजींच्या वास्तव्यामुळे तो जिल्हा दारूबंदीचा. पुढे यवतमाळ जिल्हा लागला की बंदी नाही. तलासरी ओलांडून गुजरातेत शिरले की पुन्हा बंदी, आणि तीही कडक. नागपूरला घेतलेली अर्धी बाटली फळीखाली विसरून जो पुढे गेला त्याच्या बाबतीत हिंगणघाटजवळच्या तपासणीत पंचनामा होतो, बाटली मुद्देमालात जमा होते आणि प्रसंगी गाडीही अडकून पडते. भाडे बुडते ते मालकाचे, कोर्टाचे हेलपाटे ड्रायव्हरचे. केवळ व्यवहार म्हणून पाहिले तरी हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

मग तो बाटली केबिनमध्येच का आणतो, बाहेर बसून का पीत नाही? सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा हुकूम दिला, आणि पुढे लहान गावांसाठी ते अंतर कमी केले, पालिकांच्या हद्दींना सूट दिली, हे सर्वश्रुत आहे. परंतु खरे कारण अंतराचे नाही. बीडकडच्या एका पोक्त ड्रायव्हरला मी हे विचारले तेव्हा तो जरासा चिडून म्हणाला, “साहेब, खुर्चीवर बसून प्यायला मला काय कोणी नको म्हणतंय का? पण गाडी कोणाच्या भरवशावर सोडू? सकाळी डिझेल कमी निघालं, ताडपत्री फाटलेली निघाली, तर शेठ माझ्याच हिशेबातून कापणार.”

या उत्तरात सगळे आले. रात्री केबिनमध्ये झोपलेला मनुष्य सुटीवर नसतोच. तो पहारेकरी असतो. दिवसा त्याला गाडी हाकण्याचे दाम मिळते आणि रात्री तिची राखण तो फुकट करतो, डिझेलची, टायरांची, मालाची. शिवाय फाटकावरून हाक आली की गाडी सरकविण्याची बिनपगारी हमालीही त्याचीच. मालक या काळाला विश्रांती म्हणतो, कारण विश्रांतीचे पैसे द्यावे लागत नाहीत. ड्रायव्हरही तिला विश्रांती म्हणतो, कारण तसे म्हटल्याशिवाय बाटली उघडता येत नाही. दोघांच्या सोयीचे हे असत्य कोणी उघडे पाडीत नाही. आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने प्यावे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर द्यावयास फार वेळ लागत नाही.

अमेरिकेत ही सीमारेषा निदान कागदावर तरी स्पष्ट आहे. तेथील केंद्रीय नियमाप्रमाणे कामावर रुजू होण्यापूर्वी चार तास मद्य घ्यावयाचे नाही, आणि कामावर असताना, गाडीतला माल म्हणून रीतसर नोंदलेले मद्य सोडले तर, बाटली जवळ बाळगावयाचीही नाही. ट्रक-ड्रायव्हरसाठी तेथील मर्यादा रक्तात 40 मिलिग्रॅमची, म्हणजे आपल्या 30 हून सैलच. परंतु काम कोणत्या मिनिटाला संपले आणि कोणत्या मिनिटाला सुरू झाले याची नोंद 2017 च्या डिसेंबरपासून तेथे बहुतेक गाड्यांत यंत्राने ठेवावी लागते. आपल्याकडे आकडा कडक आहे आणि नोंद नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाचा विसावा ठरवून दिला होता. कळंबोलीच्या रांगेत हा कायदा ठाऊक असलेला मनुष्य मला भेटला नाही, ड्रायव्हर नाही, मुकादम नाही, आणि एक मालक भेटला तो हसला.

सबब माझा अभिप्राय असा, की ज्या केबिनमध्ये किल्ली आहे आणि जिच्यात झोपणाऱ्याला मध्यरात्री कोणीही हाक मारू शकतो, त्या केबिनमध्ये बाटली असता कामा नये, मग गाडी उभी असो वा चालू. मात्र हा नियम ड्रायव्हरवर घालणाऱ्या मालकाने त्याआधी आपल्याकडची तीन कामे उरकावीत: रात्रीच्या राखणीसाठी पगारी चौकीदार असलेल्या तळावर गाडी लावण्याचे पैसे द्यावेत, थांबलेल्या दिवसांचा भत्ता बुडवू नये, आणि विश्रांतीचे तास कागदावर लिहून देऊन त्या तासांत किल्ली दुसऱ्या शुद्धीवरच्या माणसाच्या हाती राहील अशी व्यवस्था करावी. तेवढे झाल्यावर तळाबाहेरच्या खाटेवर बसून ड्रायव्हर काय पितो, याची चौकशी करण्याचा अधिकार मालकालाही नाही आणि मलाही नाही.