सहाव्या महिन्याचं वजन

सकाळी ७. रूपीनगरच्या कोपऱ्यावर कंपन्यांच्या बस लागतात. फर्स्ट शिफ्टवाले चढले, थर्डवाले उतरले की चाळीत बाया, लेकरं आणि झोपलेली माणसं उरतात. मी इथली आशा सेविका. रजिस्टर, वजनकाटा घेऊन निघते.

९.३०. एक बाळंतीण, दोन लसींची आठवण. चटकन उरकतं.

११. ज्योतिबानगर, पत्र्याची खोली. सहा महिन्यांची मुलगी. वजन दोन महिने जागचं हललेलं नाही. "हिला दूधच नाही, त्यात नजर लागली," सासूबाई सांगतात. टाळी वाजवली तर पोर मान वळवते, पण हसत नाही. आई भिंतीला टेकून. पोर कुरकुरली तरी तिचे डोळे पत्र्यावर.

या वयाची लेकरं 'आ' करतात, आई उलटून 'आ' करते, त्यातूनच बोलणं फुटतं. इथे उलटून कुणी काही म्हणत नाही.

"जेवलीस का गं?"

"काल."

सासूबाईंना पाण्याला पाठवलं, तेव्हा बोलली. "ताई, हिला कुणाला तरी देऊन टाकावंसं वाटतं." जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी सरळच विचारते. नाही म्हणाली. झोप मात्र महिनोन्‌महिने नाही.

१.३०. डबा. मला वाचायची खोड आहे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत आयांना काही मिनिटं चेहरा कोरा ठेवायला लावला. बाळांनी हसून, हात नाचवून आईला खुणावलं, शेवटी तोंड फिरवलं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना २००२ साली बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांत उदासीनतेचा आजार आढळला. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या निबंधात अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाला, उंचीला कमी आणि बुद्धीच्या वाढीतही मागे दिसली. आम्ही मात्र पोराचा काटा बघतो आणि आईला दूध वाढवायला मेथीचे लाडू सांगून येतो.

४. पुन्हा त्याच पत्र्याच्या खोलीत. नवरा शिफ्टवरून आलाय. "पोरीला टॉनिक द्या ना, ताई."

"औषध हिला लागणार आहे, दादा."

"वेडी झाली का ती?"

"बीपीसारखा आजार आहे. बरा होतो."

सासूबाईंना येरवड्याच्या मनोरुग्णालयाची धास्ती, पोर हिरावतील म्हणून. भरती सगळ्यांनाच लागत नाही, आणि लागलीच तरी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडता येत नाही, हे दोनदा सांगितलं. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा हेल्पलाइन नंबर कॅलेंडरवर लिहिला. गुरुवारी नवऱ्याला सुट्टी. वायसीएम रुग्णालयात मानसोपचार विभागात जायचं ठरलं. तोवर रात्री पोरीला तो घेणार, तिच्याशी बोलणार.

"काय बोलू तिच्याशी?"

"कंपनीत काय झालं ते सांगा."

५.३०. दोन घरं राहिलीत.