साइटवरचं ऊन : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. बांधकामं मात्र सुरूच असतात. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून आलेली आदिवासी कुटुंबं मजूर चौकातून साइटवर जातात आणि दिवसभर स्लॅबवर, रस्त्याच्या खोदकामात राबतात. एखादा दगावला की ‘लू लागली’ म्हणून आपण हळहळतो, जणू ते त्याचं नशीबच. खरं तर हे मृत्यू टाळता येतात. त्याच्या आड येतात ते आपले काही समज.

गैरसमज १ : माळव्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ऊन बाधत नाही.
वस्तुस्थिती : उन्हाची सवय जन्मभर पुरत नाही. ७ ते १४ दिवस काम हळूहळू वाढवत नेलं की शरीराला ती लागते. आठवडाभर खंड पडला की ओसरू लागते. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेनुसार, कामावर उष्णतेनं होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात होतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम २० टक्केच द्यावं आणि रोज तेवढंच वाढवावं. गावाकडचं लग्न उरकून परतलेल्या अनुभवी गवंड्यालाही निम्म्यापासूनच सुरुवात करू द्यावी.

गैरसमज २ : हवामान खात्यानं ४१ अंश सांगितलं, म्हणजे साइटवरही ४१.
वस्तुस्थिती : तो आकडा सावलीतला, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीतला असतो. थेट उन्हात शरीराला त्याहून ८ अंशांपर्यंत जास्त जाणवू शकतं. त्यात तापलेल्या सळया, काँक्रीट आणि डांबराची धग मिसळते. शिवाय घमेली वाहणारं शरीर आतूनही उष्णता निर्माण करत असतं.

गैरसमज ३ : नवतपा सरला, आता भीती नाही.
वस्तुस्थिती : २५ मेच्या सुमारास सुरू होणारे ते नऊ दिवस संपल्यावर पारा उतरू लागतो, पण पावसाआधीची दमट हवा येते. घाम वाळला तरच शरीर थंड होतं. दमट हवेत तो नुसता गळत राहतो. त्यामुळे जूनमधले ३८ अंश मेमधल्या कोरड्या ४२ अंशांहून घातक ठरू शकतात.

गैरसमज ४ : तहान लागली की पाणी प्यावं, खिशात कांदा असला की लू लागत नाही.
वस्तुस्थिती : तहान उशिरा लागते. उन्हात राबताना दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी हवं. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको. तासन्‌तास घाम गळत असेल तर ओआरएस, मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं द्यावं. खिशातल्या कांद्यानं शरीराचं तापमान उतरत नाही. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही : साइटवर संडास नसेल तर बाया दिवसभर पाणी पिणंच टाळतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं पाणी आणि शौचालय या दोन्हींची जबाबदारी मालकावर टाकली ती योग्यच होती. एकाशिवाय दुसरं निरुपयोगी आहे.

गैरसमज ५ : घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही; तापाची गोळी दिली की झालं.
वस्तुस्थिती : कष्टाच्या कामात उष्माघात झालेला माणूस घामानं भिजलेलाही असू शकतो. खरी खूण आहे ती भ्रमिष्टपणाची : असंबद्ध बोलणं, झोकांड्या, चिडचिड, बेशुद्धी. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग होत नाही. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

गैरसमज ६ : विश्रांती दिली की काम मागे पडतं.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये संयुक्त अहवाल काढला. तापमान, आर्द्रता आणि ऊन एकत्र मोजणारा निर्देशांक २० अंशांच्या वर गेला की प्रत्येक अंशामागे कामाचा उरक २ ते ३ टक्क्यांनी घटतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे भर दुपारी राबवून घेतलेला तास पुरा पडतच नाही. सकाळी सहा ते अकरा आणि चारनंतर काम ठेवलं, मधल्या वेळेला सावली दिली, तर तेवढंच काम कमी जिवावर होतं.

ही व्यवस्था ठेकेदारानं करायची, तशीच घरावर एक मजला चढवणाऱ्या आपल्यासारख्यांनीही करायची. आणि दुपारच्या सुट्टीची मजुरी कापायची नाही. रोजंदारी बुडणार असेल तर मजूर सावलीत बसणारच नाही, मग वरचा एकही उपाय त्याच्या कामी येणार नाही.