आठ फुटी फिशटँक : काचेआधी स्लॅब, माशांआधी पाणी

आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. घरात खूप मोठा फिशटँक हवा असं मनाशी घेतलेल्या हौशी माणसाच्या डोळ्यांसमोर साधारण याच मापाची टाकी असते. तिचं घनफळ ५० घनफूट, म्हणजे सुमारे १,४०० लिटर. त्यामुळे नुसतं पाणीच १,४०० किलोंचं. १९ मिलिमीटर जाडीच्या काचा घेतल्या तर त्यांचे ३२० किलो वेगळे. वाळू, दगड, लोखंडी स्टँड आणि खाली बसणारी फिल्टरची टाकी धरली की आकडा दोन टनांच्या घरात जातो.

इथेच पहिला गैरसमज आडवा येतो. ‘आमचा स्लॅब पक्का आहे, मुलाच्या वाढदिवसाला हॉलमध्ये चाळीस माणसं नाचली होती,’ असं अनेक जण खात्रीनं सांगतात. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा भार गृहीत धरलेला असतो. आठ फुटी टाकीचं निव्वळ पाणी चौरस मीटरला ७६० किलोंनी खाली दाबतं. शिवाय माणसं दोन तासांनी घरी जातात, टाकी वर्षानुवर्षं त्याच जागी उभी असते, आणि कायमच्या ओझ्याखाली काँक्रीट सावकाश वाकत राहतं.

म्हणून वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवताच येत नाही, हेही खरं नाही. भार कुठे उतरतो यावर सगळं ठरतं. टाकी खोलीच्या मधोमध ठेवणं आणि बीमच्या वर, कॉलमच्या जवळ, भिंतीला समांतर ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाहेर काढलेल्या बाल्कनीत आणि जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर मात्र हा विचारच करू नये. उरलेल्या ठिकाणी इमारतीचा नकाशा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठावं. त्याची फी टाकीच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असते आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. तळमजल्यावर, जमिनीवरच भराव घालून केलेली फरशी असेल, तर ही काळजी बरीच हलकी होते.

काचेबद्दलचा समज असा, की जितकं पाणी जास्त तितकी काच जाड. प्रत्यक्षात दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर. अडीच फूट उंचीच्या या टाकीच्या पुढच्या काचेवर सुमारे ७०० किलोंचा रेटा असतो. उंची फक्त अर्ध्या फुटानं वाढवून तीन फूट केली, तर तोच रेटा १,००० किलोंवर पोहोचतो. टाकीची रुंदी वाढवली तर पाणी वाढतं, पण पुढच्या काचेवरचा रेटा वाढत नाही. माशांनाही उंचीपेक्षा रुंदीचा उपयोग जास्त, कारण त्यांना वळायला जागा लागते. शिवाय अडीच फुटांपलीकडे तळाशी हात पोचत नाही, आणि मेलेला मासा किंवा सडलेलं पान काढायला तळाशी जावंच लागतं. तेव्हा जास्तीचे पैसे रुंदीवर घालावेत.

टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की तिचा चुरा होतो. म्हणून पाइपांसाठीची भोकं आधीच ठरवावी लागतात. सिलिकॉन मत्स्यालयासाठीचंच हवं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असू शकतं आणि ते माशांना बाधतं. आठ फुटी तयार टाकी लिफ्टमध्ये मावणार नाही ही अडचण मात्र खरी. त्यावरचा उपाय म्हणजे काचा सुट्या आणून टाकी जागेवरच जोडून घेणं. एकेक लांब काच ९० किलोंच्या आसपास भरते, तेव्हा जिन्याची वळणं आधी मोजलेली बरी.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जातं तो: पाण्याची ये-जा. ‘फिल्टर भारीतला घेतला की पाणी बदलावं लागत नाही’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. फिल्टर काय करतो? माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं. पण नायट्रेट साठतच जातं. त्यातलं थोडं वनस्पती शोषून घेतात, बाकीचं पाणी बदलूनच काढावं लागतं. आठवड्याला पाव टाकी म्हटली तरी ३५० लिटर, म्हणजे वीस लिटरच्या १७-१८ बादल्या. हे बादल्यांनी करणारा माणूस दोन महिन्यांत कंटाळतो आणि त्याचे परिणाम मासे भोगतात. टाकीजवळ ड्रेनचा पाइप, नळाचं कनेक्शन आणि क्लोरीन काढण्याची सोय नसेल, तर आठ फुटी टाकीचा बेत पुढे ढकलावा. काढलेलं पाणी कुंड्यांना आणि सोसायटीच्या झाडांना घालावं. त्यातलं नायट्रेट झाडांना खतासारखं लागू पडतं.

खाली सम्प, म्हणजे फिल्टरची टाकी, ठेवणार असाल तर वीज गेल्यावर काय होईल याचा हिशेब आधी मांडावा. पंप थांबला, की वरचं पाणी पाइपांतून खाली येतं. या मापाच्या टाकीत पातळी एक इंच उतरली तरी ४७ लिटर पाणी सम्पमध्ये जमा होतं. तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये नसेल तर पाणी फरशीवर येणार. आणि जिथे पाणी आणि वीज शेजारी नांदतात तिथे चांगलं अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

मोठ्या टाकीत हवेच्या बुडबुड्यांची गरज नसते, असं समजणारेही पुष्कळ. ऑक्सिजन बहुतांशी पृष्ठभागावरच्या हालचालीतून मिसळतो, हे बरोबर. पण पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात दुपारी भारनियमन झालं तर मोठे मासे आधी गुदमरतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणजे मासे सोडायला हरकत नाही, ही समजूतही चुकीची. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. जिवाणूंची वसाहत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात; तोवर टेस्ट किटनं मोजत राहायचं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला, की क्लोरीन जिवाणूंना मारतं आणि मेहनत पाण्यात जाते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

सगळ्यांत क्रूर गैरसमज मात्र माशांबद्दलचा आहे: ‘मासा टाकीच्या मापानं वाढतो.’ तो वाढतो आपल्या जातीच्या मापानं. अपुऱ्या जागेत आणि साठलेल्या घाणीत त्याची वाढ खुंटते, कणा वाकतो, आयुष्य घटतं. दुकानात बोटभर लांबीचा ‘शार्क’ म्हणून मिळणारा मासा बहुतेकदा पंगॅशिअस असतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच. तो मीटरभराहून मोठा होतो. रेडटेल कॅटफिशही तसाच. अडीच फूट रुंदीच्या टाकीत एवढ्या माशाला साधं वळताही येत नाही. माशाच्या लांबीच्या ‘इंचाला एक गॅलन’ पाणी हा हिशेबही इथे कोलमडतो, कारण दहा इंची माशाचं वजन एक इंची माशाच्या दहापट नसतं, हजारपटीच्या आसपास असतं.

मासा डोईजड झाला की तो तळ्यात किंवा नदीत सोडला जातो. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. आंध्रात टाकीतला सकर मासा पाणवठ्यांत इतका पसरला, की जाळी फाडणाऱ्या या माशाला तिथले मच्छीमार ‘डेव्हिल फिश’ म्हणतात. कायद्याचीही बाजू आहे. आशियाई अरोवाना आणि अरापायमा हे मासे दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीमुळे असे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते.

मोठी टाकी म्हणजे मोठेच मासे, हे समीकरण मोडून दाखवलं जपानचे मत्स्यालय-रचनाकार ताकाशी अमानो यांनी. निगातामधल्या त्यांच्या घरातली टाकी चार मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर खोल. म्हणजे ९,००० लिटर. तिथे जागा मिळाली ती दाट वनस्पतींना आणि थव्यानं फिरणाऱ्या माशांना. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी उभारलेली ४० मीटर लांबीची गोड्या पाण्याची टाकीही त्याच विचाराची. आठ फुटी टाकीत तीस-चाळीस काँगो टेट्रा किंवा आपल्याकडचे रोझी बार्ब सोडले, तर ते खरोखर थव्यानं पोहताना दिसतात. चार फुटी टाकीत एवढी मोकळीक त्यांना मिळत नाही. मात्र सगळे एकाच दिवशी आणू नयेत. आधी आठ-दहा मासे वेगळ्या टाकीत दोन-तीन आठवडे ठेवून, रोग नाही याची खात्री करून मग मोठ्या टाकीत सोडावेत, आणि अमोनिया शून्यावर टिकला तरच पुढची तुकडी आणावी.