आपल्या हाताचं माप

चार इंच लांब, चार इंच रुंद. नवा स्वेटर विणायला घेण्याआधी एवढा तुकडा विणावा, धुवावा, सपाट जागी वाळवावा आणि पट्टी लावून मधले टाके मोजावेत. एक संध्याकाळ जाते, म्हणून विणणाऱ्या बायका सर्रास हे काम टाळतात. पुढची बहुतेक उसवाउसवी मात्र याच संध्याकाळी वाचते.

हिशोब साधा आहे. पुस्तकाने इंचाला ७ टाके धरले असतील, तर ४० इंच घेराला २८० टाके लागतात. विणणारीचा हात जरा घट्ट असला आणि इंचात साडेसात टाके बसले, तर तेच २८० टाके सुमारे सव्वासदतीस इंचांतच संपतात. इंचामागे अर्धा टाका डोळ्यांना कळतही नाही, पण स्वेटर जवळजवळ पावणेतीन इंचांनी तंग होतो. अशा वेळी मुद्दाम सैल विणायला जाऊ नये. दहा ओळी ते जमतं, मग हात आपल्या सवयीवर येतो. त्यापेक्षा सुई बदलावी.

सुई बदलतानाही घोळ होतो. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १० नंबर सव्वातीन, ८ नंबर चार. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी आहे, तिथली ८ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते. परदेशी नमुन्यातला नंबर तसाच उचलला, तर स्वेटरचं माप हातचं गेलंच. म्हणून नंबर सोडून मिलिमीटर बघावेत.

यवतमाळात आणखी एक अडचण येते. कापसाचा जिल्हा, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम तयार होतं, तरी हातविणकामाची लोकर येते लुधियानाकडून. तिच्यासोबत नमुनेही उत्तरेकडच्या थंडीचे येतात. हिंदी बुनाई विशेषांकांतले उंच गळे, जाड पीळ आणि भरगच्च वेण्या पंजाबच्या कडाक्याला शोभतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि दुपारी ऊन चटका देतं. सकाळी वेचणीला निघालेल्या बाईला अकरा वाजता अंगातून काढून कमरेला बांधता येईल, असाच स्वेटर इथे कामाचा. तो पातळ असावा, समोरून उघडा असावा, आणि बिनबाह्यांचा असला तर उत्तमच.

हवा हातावरही परिणाम करते. थंडीच्या आत काम व्हावं म्हणून पोळ्याच्या सुमारास टाके घातले जातात. तेव्हा बोटं घामेजतात, लोकर सुईवरून सरकत नाही आणि वीण घट्ट बसते. दिवाळीनंतर कोरड्या हवेत हात मोकळा होतो. पाठ पावसाळ्यात आणि पुढचे भाग हिवाळ्यात विणले, तर ओळी तेवढ्याच भरूनही दोन्हींची लांबी जुळत नाही. म्हणून मुंढ्यापर्यंतची उंची पट्टीने मोजावी, आणि दोन्ही भागांची लांबी शिवणीआधी जुळवून घ्यावी.

माझ्या सुयांवर सध्या तीन कामं आहेत. एक, भाचीच्या बाळाचं टोपडं. डोक्याचा घेर १४ इंच, पण दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर ताणली जाते, म्हणून मी १३ इंचच धरले. बारीक लोकरीवर माझ्या हाताला इंचाला ८ टाके येतात. झाले १०४, चाराने भाग जाणारे. शिवणीसाठी दोन वाढवले. दुसरं, पहाटे फिरायला जाणाऱ्या काकांचा हाफ स्वेटर, शुद्ध लोकरीचा. लोकर गरम पाण्यात आटते, म्हणून त्याचा तुकडा गार पाण्यातच धुतला. तिसरं काम सर्वांत जिवाभावाचं, समोरून उघडं सुती जाकीट. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, ते स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. त्यामुळे सुती तुकडा मी चिमट्यांनी रात्रभर टांगते आणि मगच मोजते. कापसाच्या जिल्ह्यातल्या थंडीला सूतच खरं लागू पडतं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी विणकामाला पुस्तकी आकड्यांच्या जाचातून सोडवलं. १९७१ साली त्यांचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ आलं. त्यांचं सूत्र असं: इंचातले टाके गुणिले छातीचा घेर, हे शंभर टक्के. मनगटाला त्याचे २० टक्के, दंडाला ३३ टक्के. आपल्या २८० टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी ५६ टाके आणि दंडाला ९२ पुरतात. मूळ आकडा आपल्या तुकड्यावरून काढलेला असल्याने लोकर कुठलीही घ्या, सुई कुठलीही घ्या, हिशोब जुळतो.

नमुन्याची पुस्तकं जरूर घ्यावीत. जाळी कशी पाडायची, गळा कसा वळवायचा, हे त्यांतूनच शिकायचं. आकडे मात्र आपले हवेत. त्यासाठी साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक तुकडा पानाला टाचावा; शेजारी लोकरीचं लेबल, लॉट नंबर, सुईचे मिलिमीटर, महिना आणि धुण्याआधीचे-नंतरचे टाके लिहावेत. लॉट नंबर यासाठी, की पुढचा गुंडा वेगळ्या लॉटचा निघाला तर रंगात पट्टा दिसतो. अशा वह्या महिला मंडळात, भिशीत एकमेकींना दाखवल्या, तर विदर्भाच्या हवेला साजेसं, मराठी मापांचं विणकामाचं पुस्तक आपल्याच हातून तयार होईल. ते कुणी बाहेरून लिहून देणार नाही.