पोंगा ओढला की हातात येतो. उसाची खोडकीड नेमकी असते तरी कशी?

करवीर, हातकणंगले, शिरोळच्या शिवारात सुरू उसाची लागण उगवून आली, की मार्च-एप्रिलच्या उन्हात एखाद्या कोंबाचा मधलाच पोंगा वाळलेला दिसतो. पाणी कमी पडले, असे वाटते. पण पोंगा ओढून पाहा. तो अलगद निघाला आणि बुडाला कुजका वास आला, तर ती ‘पोंगामर’ आहे. म्हणजे आत खोडकिडीची अळी आहे.

या किडीचा पतंग क्वचितच नजरेस पडतो. रंग वाळल्या गवतासारखा, पुढच्या पंखांच्या कडेला बारीक काळे ठिपके, मागचे पंख पांढुरके. पंख पसरले तरी रुंदी जेमतेम इंचभर. दिवसा तो पानाआड बसतो आणि वावरतो रात्री. (शेंडेकिडीचा पतंग पांढराशुभ्र असतो, दोघांत गल्लत नको.)

मादी पानाच्या खालच्या बाजूला खवल्यांसारखी चपटी अंडी रांगेत घालते. 4 ते 6 दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि कोंबाला जमिनीलगत छिद्र पाडून आत शिरतात. मळकट पांढऱ्या अंगावर पाच जांभळट रेषा, ही अळीची खूण. तीन-चार आठवडे ती कोंब पोखरते. कोष खोडातच होतो. पतंगाला बाहेर पडण्यासाठीचे भोक अळीने आधीच करून ठेवलेले असते! सारे चक्र पाच-सहा आठवड्यांचे. त्यामुळे वर्षात पाच-सहा पिढ्या होतात.

खरा धोका कांड्या धरण्यापूर्वीच्या पहिल्या तीन महिन्यांत. मुख्य कोंब गेला तरी ऊस नवे फुटवे काढतो, पण ते उशिराचे. गाळपाला येणाऱ्या उसांची संख्या आणि वजन तिथेच घटते.

अळी आत बसलेली असल्याने वरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट ट्रायकोग्रामा ही उपयोगी गांधीलमाशी त्यात मरते. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही माशी पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. ट्रायकोकार्डवर चिकटवलेली अंडीही एका पतंगाचीच असतात, तांदळातल्या! कार्ड सकाळी किंवा संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचावे. त्यानंतर काही दिवस फवारणी नको. सरीत पाचटाचे आच्छादन आणि वेळेवर बाळबांधणी केली, तर अळीला कोंबात शिरणे आणि पतंगाला बाहेर पडणे अवघड होते. वाळलेले कोंब मात्र जमिनीलगत कापून अळीसह नष्ट करावेत, बांधावर टाकू नयेत.